‘घर’ आणि ‘प्रवास’

प्रवासाला गेलेल्या माणसाने मुक्कामी पोहोचताच घरी खुशाली कळवावी, ही अपेक्षा दळणवळणाच्या कोणत्याही साधनापेक्षा जुनी आहे. पोस्टकार्ड, तार, एसटीडी बूथ आणि मोबाइल अशी साधने एकामागून एक येत गेली, त्यांतील तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये देशभरातून बंदही झाली, तरी निरोप देताना दारात उच्चारले जाणारे ‘पोहोचले की कळवा’ हे वाक्य बदललेले नाही. परदेशी सहलीला निघालेल्या आजच्या प्रवाशाच्या बाबतीत हे वाक्य खरे करण्याचा भार पुष्कळदा ई-सिम नावाच्या, हातात धरता न येणाऱ्या एका वस्तूवर येऊन पडतो. उतरल्या ठिकाणी ही वस्तू चालू होईल की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा निघण्यापूर्वी घरच्या ओसरीवरच लागलेला असतो आणि त्या निकालात तंत्रापेक्षा प्रवाशाच्या स्वतःच्या बोटांना झालेल्या सवयीचा वाटा मोठा असतो, असा निष्कर्ष बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी मोबाइलचे दुकान चालवताना प्रस्तुत लेखकाला काढावा लागला. पुढील विवेचन हा निष्कर्ष हाती येईपर्यंत झालेल्या चुकांसह मांडले आहे.

सिम म्हणजे ग्राहकाची ओळख साठवणारी चिप होय. १९९१ साली जर्मनीतील गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडमधील एका मोबाइल सेवेसाठी पहिली सिमकार्डे तयार केली, तेव्हा त्यांचा आकार बँकेच्या कार्डाएवढा होता. पुढे फोन लहान होत गेले तसे कार्डही आक्रसत गेले आणि २०१० नंतर मायक्रो व नॅनो हे आकार रूढ झाल्यावर जुने कार्ड नव्या फोनात बसवण्यासाठी स्टेपलरसारखे दिसणारे सिम-कटर गावोगावच्या दुकानांत आले. ई-सिममध्ये कापण्यासारखे काही उरतच नाही, कारण चिप फोनच्या आतल्या पटलावर कारखान्यातच कायमची बसवलेली असते आणि कंपनी ग्राहकाची ओळख, जिला या व्यवसायात ‘प्रोफाइल’ म्हणतात, इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवते. हे प्रोफाइल कोठून उतरवायचे त्याचा पत्ता आणि त्याची किल्ली क्यूआर कोडच्या चौकोनात असते, म्हणून तो चौकोन कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हे घराची किल्ली चौकात टांगून ठेवण्याइतकेच धोक्याचे आहे. वैयक्तिक वापराच्या उपकरणांसाठीचे मानक २०१६ साली ठरले आणि २०१८ मध्ये आयफोनमध्ये ही सोय आल्यावर तिचा प्रसार वाढला. मात्र बोदवडच्या ग्राहकांच्या हाती असलेल्या कमी किमतीच्या फोनांपैकी बहुतेकांत ती अजूनही नाही.

बोदवड हे भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, कापूस आणि मका पिकवणाऱ्या टापूतले गाव असून मुंबईचे विमानतळ तेथून साडेचारशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. अशा गावातून परदेशी जाणारे लोक कोण, असा प्रश्न बाहेरच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. या दुकानाच्या अनुभवात त्यांचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांचा. बियाणे, खते व कीटकनाशके यांच्या कंपन्या विक्रीचे उद्दिष्ट गाठणाऱ्या विक्रेत्यांना बँकॉक, दुबई किंवा बालीची सहल देतात आणि गावातील अनेकांच्या पासपोर्टवरचा पहिला शिक्का अशा सहलीचाच असतो. दुसरा वर्ग मुलाबाळांकडे अमेरिकेला किंवा जर्मनीला जाणाऱ्या आईवडिलांचा, तिसरा उमराहसाठी मक्का-मदिनेला जाणाऱ्या कुटुंबांचा, आणि चौथा, अलीकडे वाढत चाललेला, निवृत्तीनंतर गटाने सहलीला जाणाऱ्या शिक्षक, रेल्वे कर्मचारी व बँक कर्मचाऱ्यांचा. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश देण्यास सुरुवात केल्यावर हा चौथा वर्ग विशेष वाढला.

परक्या मुलखात फोन मुका होणे म्हणजे काय, याचा पहिला धडा मात्र परदेशाने दिलेला नाही. तो जम्मू-काश्मीरच्या यात्रेने दिला. इतर राज्यांत घेतलेले प्रीपेड सिम, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे सिम, त्या प्रदेशात चालत नाही आणि महिन्याअखेर बिल येणारे पोस्टपेड तेवढे चालते, हा सुरक्षेच्या कारणाने ठेवलेला निर्बंध अनेक वर्षांपासून आहे. भुसावळहून झेलम एक्सप्रेसने निघालेले यात्रेकरू पंजाबपर्यंत घरच्यांशी बोलत जात आणि माधोपूरपाशी रावी ओलांडून गाडी पलीकडे गेली की डब्यातले फोन एकामागून एक गप्प होत. अशाच एका अमरनाथ यात्रेत बोदवडचे दहा-बारा यात्रेकरू होते, त्यांपैकी कोणाच्याही फोनला रेंज नव्हती आणि त्याच सुमारास डोंगरात पाऊस झाल्याची बातमी दूरदर्शनवर आल्याने त्यांच्या घरची माणसे रात्री उशिरापर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून होती, कारण या दुकानातल्या जुन्या एसटीडी बूथच्या सवयीने ‘फोनचे काही असेल तर तिथेच कळेल’ अशी त्यांची समजूत होती. यात्रेकरू सुखरूप होते आणि दुसऱ्या दिवशी एकाने तळावरच्या केंद्रातून यात्रेकरूंसाठीचे तात्पुरते सिम घेऊन सगळ्यांच्या घरी फोन केले. तथापि ज्या दुकानातून त्या साऱ्यांनी निघताना रिचार्ज केले होते, त्या दुकानाने ‘कुठे निघालात’ एवढे विचारले असते तर ती रात्र टळली असती, ही जाणीव प्रस्तुत लेखकाच्या मनातून गेली नाही. रिचार्ज मागणाऱ्याला मुक्कामाचे ठिकाण विचारण्याची पद्धत त्यानंतर सुरू झाली.

ई-सिम बोदवडमध्ये आले तेही पर्यटकाच्या हातून नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या चौदाव्या मालिकेपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमकार्डाचा कप्पाच नसतो, आणि तिकडच्या मुलाने स्वतःचा वापरलेला फोन आईवडिलांसाठी पाठवला की आईवडील तो घेऊन दुकानात येत आणि कार्ड कोठून घालायचे ते विचारत. अशा पहिल्या फोनाच्या चारही कडा बोट फिरवून तपासूनही कप्पा सापडेना, तेव्हा फोन बनावट असावा असे मत प्रस्तुत लेखकाने ग्राहकासमोर बोलून दाखवले होते, आणि ते मत चुकीचे ठरल्यावर त्या कुटुंबाच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. त्यानंतर चालू क्रमांकाचे ई-सिममध्ये रूपांतर कसे करायचे ते शिकणे भाग पडले, आणि त्यातूनच एक महत्त्वाचा नियम हाती आला. सिम बदलल्यानंतर पहिले चोवीस तास त्या क्रमांकावर एसएमएस येत-जात नाहीत, कारण चोरून सिम बदलून बँकेतले पैसे काढण्याचे प्रकार रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने तशी तरतूद केली आहे. ही तरतूद योग्यच आहे, परंतु विमानाच्या आदल्या दिवशी असे रूपांतर करणाऱ्याला बँकेचा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा परवलीचा अंक, नेमका हवा त्या वेळी मिळत नाही. म्हणून हे काम निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी उरकावे, असे आता प्रत्येकाला बजावले जाते.

प्रवासाचे ई-सिम ही याहून वेगळी गोष्ट आहे. त्यात चालू क्रमांक तसाच राहतो आणि केवळ इंटरनेटसाठी, ठरावीक दिवसांचे व ठरावीक डेटाचे, दुसरे प्रोफाइल फोनमध्ये उतरवले जाते. बहुतेक वेळा त्याला बोलण्यासाठीचा क्रमांकही नसतो. परदेशी सिम किंवा ई-सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाचे नाहरकत प्रमाणपत्र लागते आणि ते नसलेल्या काही परदेशी विक्रेत्यांची ॲप जानेवारी २०२४ मध्ये भारतातील ॲप-भांडारांतून काढून टाकण्यात आली. या दुकानाकडे असे प्रमाणपत्र नसल्याने येथे प्रवासाचे ई-सिम विकले जात नाही. ग्राहकाने परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेले प्रोफाइल फोनमध्ये बसवून देणे आणि त्याचा वापर समजावणे एवढेच काम केले जाते. पहिला प्रश्न अर्थातच फोनमध्ये ही सोय आहे का हा असतो, आणि त्याचे उत्तर फोनच्या खोक्यावर शोधण्यापेक्षा क्रमांक लावण्याच्या पट्टीवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबून मिळते. एरवी तेथे फोनची ओळख सांगणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. ई-सिमची सोय असेल तर त्यासोबत ईआयडी नावाचा बत्तीस अंकी क्रमांकही दिसतो. तो न दिसल्यास ग्राहकाला नवा फोन घ्यायला लावणे विक्रीच्या दृष्टीने सोपे असते, परंतु आठ दिवसांच्या सहलीसाठी तसे करण्याची गरज नसते, कारण उतरल्या विमानतळावर पासपोर्ट दाखवून साधे प्लास्टिकचे सिम बहुतेक देशांत मिळते. मात्र ते घालताना बाहेर काढलेले भारतातले सिम पासपोर्टच्या वेष्टनात चिकटपट्टीने लावून ठेवावे लागते, कारण नखाएवढे ते कार्ड हॉटेलच्या खोलीत हरवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

उतरल्यावर नेमके काय घडते हे समजले की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. प्रवासाचे प्रोफाइल पुष्कळदा ज्या देशात जायचे त्या देशातल्या कंपनीचे नसते. ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे असते आणि त्या कंपनीची मुक्कामाच्या देशातील कंपनीशी सोयरीक असते. फोनच्या दृष्टीने तो ग्राहक तेथे पाहुणाच असतो आणि पाहुण्याच्या या वावराला रोमिंग म्हणतात. म्हणून प्रवासाच्या सिमवर ‘डेटा रोमिंग’ ही कळ चालू करावीच लागते. भारतातल्या सिमवर मात्र तीच कळ बंद ठेवावी लागते, नाही तर त्या सिमवरून वापरलेल्या इंटरनेटचे पैसे चढ्या दराने लागतात. एकाच नावाची कळ एका ठिकाणी चालू आणि दुसऱ्या ठिकाणी बंद, हा विरोधाभास या साऱ्या विषयाचा गाभा आहे आणि बहुतेक घोटाळे तेथेच होतात. एका कृषी सेवा केंद्रचालकाच्या फोनमध्ये प्रवासाच्या सिमची कळ योग्य होती. परंतु पहिल्या सिमवर डेटा मिळेनासा झाला तर दुसऱ्यावरून आपोआप घेण्याची परवानगी देणारी आणखी एक कळ चालू राहिली होती आणि त्याच्या भारतातील पोस्टपेड सिमवर कंपनीने रोमिंग आधीच सुरू करून दिलेले होते. त्यातच भारतातल्या सिमचे डेटा रोमिंगही मागे कधी तरी चालू केलेले तसेच राहिले, आणि प्रवासाचे सिम क्षीण झालेल्या बेटावर फोनने निमूटपणे घरच्या सिमवरून व्हिडिओ उतरवले. त्या महिन्याचे बिल घेऊन तो ग्राहक दुकानात आला तेव्हा चूक कोणाची, यावर बराच वेळ बोलणे झाले. फोन तपासून देण्याची जबाबदारी दुकानाने स्वीकारली होती, त्यामुळे ती दुकानाची होती, हे शेवटी मान्य करणेच रास्त ठरले.

या कामाला खरी कलाटणी एका निवृत्त रेल्वे कर्मचारी जोडप्याच्या व्हिएतनामच्या सहलीने दिली. त्या दोघांना ओट्यावर बसवून चहा देण्यात आला आणि तेवढ्या वेळात प्रस्तुत लेखकाने प्रोफाइल उतरवणे, डेटाचे सिम निवडणे, नको ती ॲप बंद करणे अशी सगळी कामे स्वतःच्या हाताने दहा मिनिटांत आटोपली. शेवटची एकच कळ, प्रवासाच्या सिमचे डेटा रोमिंग, ‘तिथे उतरल्यावर तेवढी चालू करा’ असे तोंडी सांगून बाकी ठेवली. हनोईला विमान वेळेवर उतरले. पुण्यात असलेल्या मुलाला मात्र पाच तास काहीच कळले नाही आणि रात्री त्याचा फोन दुकानदाराच्या घरी आला, तेव्हा त्याच्या आवाजातला कंप स्पष्ट ऐकू येत होता. जोडपे हॉटेलवर पोहोचून वायफाय मिळाल्यावर सारे निवळले. परत आल्यावर गृहस्थांनी जे सांगितले ते साधे होते: कळ चालू करायची हे लक्षात होते, पण ती कोठे असते ते पाहिलेच नव्हते, कारण फोन सगळा वेळ दुकानदाराच्या हातात होता. मदत करणाऱ्याने काम झटपट उरकून दिले की मदत घेणारा कृतज्ञ होतो, समाधानाने घरी जातो आणि अडचणीच्या जागी रिकाम्या हाताने उभा राहतो, हे त्या दिवशी कळले. आपल्या हाताचा वेग हीच आपली सेवा, अशी वर्षानुवर्षे जपलेली समजूत तेव्हा सोडून द्यावी लागली.

त्यानंतर पद्धत बदलली. फोन ग्राहकाच्याच हातात राहतो, दुकानदाराने त्याला बोटही लावायचे नाही आणि प्रत्येक पायरी ग्राहकाने स्वतः दोनदा करून दाखवल्याखेरीज पुढे जायचे नाही, असा नियम झाला. दहा मिनिटांचे काम तासाभराचे झाले आणि दुपारी उन्हामुळे बाजार ओस पडतो ती वेळ त्यासाठी राखून ठेवावी लागली. फोनमध्ये दोन सिमना ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ किंवा कंपन्यांची इंग्रजी नावे असतात, ती गोंधळात टाकतात. परंतु तेथे आपल्याला हवे ते नाव देता येते, म्हणून भारतातल्या सिमला ‘घर’ आणि नव्याला ‘प्रवास’ अशी नावे ग्राहकाकडूनच टंकलेखित करून घेतली जाऊ लागली. हा बदल दिसायला किरकोळ आहे, पण त्यानंतर ‘घरचे रोमिंग बंद, प्रवासाचे चालू’ हे वाक्य सातवी शिकलेल्या आजीलाही एकदा ऐकून पाठ होते. त्याचबरोबर एक चिठ्ठी तयार झाली. तिच्यावर उतरल्यानंतरच्या पायऱ्या ठळक अक्षरांत क्रमाने लिहिलेल्या असतात: विमानाचे चिन्ह बंद करा, ‘प्रवास’ चालू करा, इंटरनेट ‘प्रवास’वर ठेवा, ‘प्रवास’चे रोमिंग चालू आणि ‘घर’चे बंद आहे हे बघा, पाच मिनिटे थांबा, तरीही रेंज नसेल तर फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला क्यूआर कोड छापून दिला जातो, कारण जो कोड फोनच्या पडद्यावर आहे तो त्याच फोनच्या कॅमेऱ्याला टिपता येत नाही, ही गोष्ट घरी सोपी वाटली तरी परक्या विमानतळावर माणसाला हतबल करते.

दिवसांच्या हिशेबानेही पुष्कळांना चकवले आहे. काही प्रोफाइलांची मुदत परदेशी नेटवर्कशी पहिला संपर्क होताच सुरू होते, तर काहींची ती फोनमध्ये उतरवल्या क्षणापासून. पहिल्या प्रकारचे प्रोफाइल घरीच, भरवशाच्या इंटरनेटवर उतरवून ठेवणे उत्तम; दुसऱ्या प्रकारचे मुंबईच्या विमानतळावर, निघण्याच्या वेळी उतरवावे लागते. हा फरक न विचारता एका कुटुंबाचे सात दिवसांचे प्रोफाइल पाच दिवस आधी उतरवून देण्यात आले आणि सहलीच्या तिसऱ्या दिवशी ते संपले. त्याची भरपाई दुकानाने केली. डेटाचा अंदाजही असाच चुकतो. दिवसभरात काढलेले फोटो आपोआप साठवणीत पाठवणारी सोय आणि गटांवर येणारे व्हिडिओ आपोआप उतरवणारी सोय या दोन्ही चालू राहिल्या तर एक जीबी डेटा पहिल्याच रात्री, माणूस झोपलेला असताना, संपू शकतो. याहून मोठे नुकसान घाईने होते. इंटरनेट येत नाही म्हणून वैतागून ‘प्रवास’ फोनमधून काढून टाकणाऱ्याला ते बहुतेक वेळा परत मिळत नाही, कारण असा क्यूआर कोड सहसा एकदाच वापरता येतो. म्हणून चिठ्ठीच्या तळाशी लाल शाईत एक ओळ असते: बंद करा, पण काढून टाकू नका.

‘घर’ हे सिम परदेशात गप्प ठेवले तरी ते फोनमध्ये असणे का आवश्यक आहे, हे समजावण्यास सर्वांत जास्त वेळ लागतो. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि तो येण्यासाठी त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी लागते. येथे सेवा सुरू असणे वेगळे आणि डेटा रोमिंगची कळ चालू असणे वेगळे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. नेपाळ, भूतान, श्रीलंका, सिंगापूर, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती आणि फ्रान्स या देशांत काही ठिकाणी यूपीआयने पैसे देता येतात, पण यूपीआयचे ॲपदेखील नोंदवलेल्या सिमशी बांधलेले असते. बँकेच्या कार्डावरचे परदेशातील व्यवहार २०२० पासून ग्राहकाने स्वतः सुरू केल्याशिवाय होत नाहीत, हेही अनेकांना परदेशातल्या दुकानात उभे असतानाच कळते. एका विक्रेत्याने चोरीच्या भीतीने आपले भारतातले सिम बोदवडला कपाटात ठेवले होते आणि परदेशातील हॉटेलात खोलीचे पैसे देताना प्रत्येक ओटीपी त्या बंद कपाटाकडे जात राहिला. सोबतच्या विक्रेत्याने त्याचे पैसे भरले आणि ते गावी आल्यावर परत घेतले. व्हॉट्सॲप मात्र नव्या सिमसाठी बदलावे लागत नाही. जुना क्रमांक कायम ठेवायचा का असे विचारले गेल्यास ‘हो’ म्हणावे, एवढेच लक्षात ठेवायचे असते.

उमराहला जाणाऱ्यांच्या अडचणी पाहिल्यावर ई-सिमचा एक अनपेक्षित उपयोग ध्यानात आला. सौदी अरेबियात स्थानिक सिम घेताना बोटांचे ठसे द्यावे लागतात. जन्मभर कापूस वेचलेल्या आणि भाकरी थापलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. रेशन दुकानातले यंत्रही त्यांना कित्येकदा ओळखत नाही. अशाच एका वृद्ध स्त्रीला जेद्दाहच्या विमानतळावर चार वेळा बोट लावूनही सिम मिळाले नव्हते आणि पुढचे सर्व दिवस तिला गटातील इतरांच्या फोनवर अवलंबून राहावे लागले होते. दुसऱ्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीसोबत जाणाऱ्या भाच्याच्या फोनमध्ये येथूनच केवळ डेटाचे प्रोफाइल उतरवून देण्यात आले आणि हॉटस्पॉटने, म्हणजे एका फोनवरचे इंटरनेट जवळच्या फोनांना वाटून देणाऱ्या सोयीने, त्या दोघांचेही काम भागले. गटातील प्रत्येकाने ई-सिम घेण्याऐवजी तीन-चार जणांत एक घेणे स्वस्त पडते. मात्र गर्दीत चुकामूक झाली की ज्याच्याजवळ तो फोन नाही तो एकटा पडतो, त्यामुळे वृद्ध आणि लहान मुले यांच्याबाबत ही काटकसर करू नये. दुबईला जाणाऱ्यांना हेही सांगावे लागते की तेथे व्हॉट्सॲपवरून लिहिता येते, परंतु बोलण्यावर निर्बंध आहेत. ते ठाऊक नसले की फोन लागत नाही म्हणून ई-सिमलाच दोष दिला जातो आणि चालू असलेले प्रोफाइल काढून टाकले जाते.

एसटीडी बूथच्या काळात या दुकानातल्या यंत्रावर लाल अंक पळत आणि बोलणाऱ्याची नजर त्या अंकांवर खिळलेली असे. खुशाली सांगून झाली की उरलेले बोलणे मनात ठेवून माणूस फोन खाली ठेवी. तेव्हा दुकानदाराचे काम क्रमांक लावून देणे एवढेच होते, कारण बोलणारा समोर उभा असे. ई-सिमच्या बाबतीत मात्र दुकानदाराची खरी गरज पडते तेव्हा तो हजारो किलोमीटर दूर असतो, आणि त्याला ग्राहकासोबत पाठवता येते ते केवळ शिकवलेले आणि लिहून दिलेले. थायलंडने १ मे २०२५ पासून प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरणे सक्तीचे केले आहे आणि इतर देशांतही हॉटेलचा पत्ता, गाडीची नोंदणी, तिकीट हे सारे फोनमध्ये असते. त्यामुळे उतरल्यावर इंटरनेट नसणे याचा अर्थ आता केवळ खुशाली न कळणे एवढाच राहिलेला नाही. त्या अर्जाची आणि तिकिटाची प्रत कागदावर छापून जवळ ठेवावी, हा सल्ला ई-सिम उत्तम चालत असले तरी दिला जातो.

एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिकेने गेल्या सहलीआधी दुकानात बसून तासभर या पायऱ्या गिरवल्या होत्या आणि प्रत्येक पायरीचे कारण विचारले होते. कारण कळल्याखेरीज आपल्याला काही लक्षात राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बँकॉकहून परतल्यावर त्या ती चिठ्ठी घेऊन आल्या. घडीवर मळलेल्या त्या कागदावरून त्यांनी गटातल्या सहा जणांचे फोन विमानतळावर चालू करून दिले होते. त्यातही फोन स्वतः हाती न घेता ज्याचा त्याच्याच हाती ठेवला होता, आणि मुलांची पाटी तपासावी तशी प्रत्येक पायरी तपासली होती. चिठ्ठीवर पहिल्या ओळीच्या वर शिसपेन्सिलीने, शाळेच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरांत, एक ओळ वाढवलेली होती. ‘भाऊ, हे तुम्ही लिहायचे राहिले,’ एवढे म्हणून त्यांनी ती पुढे केली. उतरलेल्या माणसांची रांग, मागून येणारे धक्के, हातातल्या पिशव्या आणि घामेजलेली बोटे यांचा विचार दुकानातल्या पंख्याखाली बसून चिठ्ठी लिहिणाऱ्याला सुचलेला नव्हता. आता दुकानातून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात त्यांच्याच ओळीने होते: आधी बाजूला होऊन खुर्चीवर बसा, पाणी प्या, मग फोन हातात घ्या.